उद्याच्या तांड्याची कादंबरी

मानोरा तालुक्यातल्या मुलींच्या एका निवासी शाळेत मी मराठी शिकवते. आमचं वाचनालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचं एक लोखंडी कपाट. त्यातलं एक पुस्तक मुलींनी वाचून वाचून इतकं खिळखिळं केलं होतं, की मी ते दोनदा दाभण घेऊन शिवलं. कुठल्या तरी परदेशी कादंबरीचं भाषांतर होतं ते. पुढच्या काळातलं एक शहर, भोवती उंच भिंत, आत सगळ्यांना नेमून दिलेली कामं, आणि ती भिंत ओलांडून पळणारी सोळा वर्षांची पोरगी. मुलींना ते इतकं आवडायचं की एक वाचत असली तर दोघी तिच्या खांद्यावरून वाचायच्या.

नववीत एक उंच मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसायची, फार बोलायची नाही. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. एका दुपारी मी धडा संपवून पुस्तक मिटलं आणि तिने हात वर केला.

"मॅडम, एक इचारू?"

"विचार ना."

"दोनशे वर्षांनंतर आपला तांडा असते का?"

सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. उभीच राहिली.

"या पुस्तकात जग बुडते," ती म्हणाली. "कपाटात दुसरं हाय, त्यात बी बुडते. पण बुडते ते त्यायचंच. आपलं काईच बुडत नाही, काहून का आपण त्याच्यात नसतोच."

"असेल की तांडा. का नसेल?" मी म्हणाले आणि खडू उचलून फळ्याकडे वळले. तिने एवढं नीट विचारलं होतं आणि मी लहान मुलाच्या हातावर गोळी ठेवावी तसं उत्तर दिलं होतं. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर मला स्वतःचा राग आला. खिडकीबाहेर नुकत्याच उगवलेल्या सोयाबीनची शेतं मागे जात होती आणि तिचं ते 'आपण त्याच्यात नसतोच' डोक्यातून जात नव्हतं.

मी तांड्यातलीच. मानोऱ्यापासून थोड्याच अंतरावर आमचा तांडा आहे. पन्नास-साठ घरं, मधे लिंबाचं झाड, त्याच्या सावलीत देवीचं ठाणं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. त्या काफिल्याला आम्ही लदेणी म्हणतो. रेल्वे आली, रस्ते झाले, लदेणी थांबली आणि चालणारी माणसं एका जागी राहू लागली. पण पाय काही थांबले नाहीत. आता ते उसाच्या फडाकडे जातात.

मी लहान असताना आईबापांबरोबर जायचे. आईला आम्ही याडी म्हणतो. कारखान्याच्या आवारात उसाच्या बैलगाड्यांची लांबच लांब रांग लागायची. नंबर यायला कधी दुपार जायची, कधी अख्खा दिवस. बापू बैलांना पाणी दाखवायला जायचे आणि याडी गाडीखालच्या सावलीत मला घेऊन बसायची. हातात कशिद्याचं काम असायचं, आरसे लावलेलं, आणि तोंडात गोष्ट. सात देवींची गोष्ट ती बऱ्याचदा सांगायची. सातही बहिणी लदेणीबरोबर चालायच्या. जिथं माणसं आणि बैल तहानेने बसत, तिथं एक बहीण काठी रोवून उभी राहायची आणि पाणी लागायचं. मग ती तिथंच राहायची, बाकीच्या पुढं. पहिली बहीण कुठल्या पाण्यावर राहिली, दुसरी कुठल्या, याचं एक लांबलचक गाणंच होतं. पण आमची रांग अशी, की चौथी-पाचवी बहीण येईपर्यंत पुढची गाडी हलायची, बापू हाक मारायचे आणि याडी कशिदा कमरेला खोचून उठायची. गोष्ट तिथंच राहायची. पुढच्या वेळी ती पुन्हा पहिल्या बहिणीपासून सुरू करायची.

चौथीनंतर मला वसतिगृहात ठेवलं. तिथं पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी सगळ्यांना गोष्ट सांगायला लावली. मी उठून लदेणीची गोष्ट सुरू केली, अर्धी मराठीत, अर्धी आमच्या गोरमाटी बोलीत. बाई म्हणाल्या, "हे घरचं झालं. आता पुस्तकातली सांग." त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांना खरोखर वाटत होतं की गोष्ट पुस्तकातच असते. मलाही तसंच वाटायला लागलं. मी मराठी इतकी घासूनपुसून शिकले, की पुढे वाशीमला बी.एड. करताना मैत्रिणींना मी तांड्यातली आहे हे सांगूनही खरं वाटायचं नाही. त्या वेळी मला त्याचा आनंद व्हायचा. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आनंद व्हायचा हे खरं.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आठ-दहा दिवसांनी मी शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'दोनशे वर्षांनंतर तांडा होता.' मग पुढे लिहीत गेले.

माझ्या गोष्टीत वऱ्हाडातलं सगळं पाणी एका कंपनीच्या ताब्यात गेलेलं असतं. नद्यांवर झाकणं, विहिरींना कुलपं. ज्याची नोंद ज्या गावात, त्याने तिथंच राहायचं. हद्द ओलांडली की त्याचं पाणी बंद. चालणं हाच गुन्हा. हे मला फार कल्पावं लागलं नाही. आमच्या लोकांना इंग्रज सरकारने एकेकाळी जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, आणि तांड्यातल्या माणसांना हद्द ओलांडण्याआधी हजेरी द्यावी लागायची, हे बापूंनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं होतं. झालेलंच मी उचलून दोनशे वर्षं पुढं ठेवलं. त्या काळात चौदा वर्षांची एक पोरगी आहे. तिला पाण्यांचं ते जुनं गाणं येतं. एक दिवस तिच्या लक्षात येतं की हे नुसतं गाणं नाही, हा रस्ता आहे. झाकणं घातलेल्या नद्यांच्या खाली, कंपनीच्या नकाशात नसलेली सात पाणी आहेत, आणि प्रत्येक पाण्यावर एक बहीण अजून बसलेली आहे. पोरगी एक बैल घेऊन निघते.

लिहून झालेलं प्रकरण मी शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात वाचून दाखवायचे. असले वाचक मला पुन्हा मिळायचे नाहीत. कशाचीही भीड ठेवायच्या नाहीत पोरी.

"मॅडम, ते सारखी सारखी काहून रडते?"

"मॅडम, पहारा हाय ना तिथं? मंग बैलाच्या गळ्यात घंटी कायले ठेवली? आवाज होते ना. मी असती तं घंटीत कापूस कोंबला असता."

मी वहीत खूण केली आणि पुढच्या शनिवारी घंटीत कापूस कोंबून आणला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ज्या मुलीने कापूस सुचवला होता ती पुढचा आठवडाभर मान ताठ करून फिरत होती.

ती उंच मुलगी मात्र टाळ्या वाजवायची नाही. ऐकून झालं की माझ्याजवळ येऊन एखादं वाक्य बोलायची. एकदा म्हणाली, "त्या पोरीची याडी ऊसतोडीले जाते असं लिहा." मी म्हटलं, "दोनशे वर्षांनंतर ऊसतोड असेल का ग?" ती म्हणाली, "काई ना काई तोडायले जातच असतीन."

ते मी लिहिलं.

शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा मी अडले. सातव्या बहिणीचं काय झालं ते मला माहीत नव्हतं. गाडीखालच्या सावलीत मी तिच्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते. याडीला विचारता आलं असतं. ती तांड्यातच होती, बापू गेल्यापासून फडावर जायची बंद झाली होती आणि मी दर रविवारी तिला भेटतही होते. पण मला वाटलं, शेवट तर लेखकाचा असतो. मग मी माझ्या मनाने लिहिला. सातव्या बहिणीला कंपनीने काचेच्या खोलीत डांबलेलं असतं, तिच्या अंगातून नळ्या लावून पाणी काढत असतात, पोरगी तिथवर पोहोचते तेव्हा बहीण तिच्या मांडीवर प्राण सोडते आणि तिच्या शेवटच्या श्वासाबरोबर सगळी कुलपं गळून पडतात. लिहिताना मलाच रडू आलं. मला वाटलं, जमलं.

दिवाळीच्या सुट्टीत एक मुलगी त्या शेवटच्या प्रकरणाच्या झेरॉक्स घरी घेऊन गेली. तिच्या काकांनी वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका पानाचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी मला आमच्या नायकांचा फोन आला. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. आमचे नायक पंचाहत्तरीचे, पांढरं पागोटं बांधणारे, आवाज न चढवता बोलणारे. ते म्हणाले, "बाई, तू आपल्या देवीले मारलं म्हणते लोक. खरं हाय का?"

मी म्हटलं, "काका, गोष्टीत हाय ते."

"रविवारी सकाळी ये. वही घेऊन ये. लोकायनं एकच पान वाचलं. एका पानावर न्याय करता येत नाही."

मी गेले. लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष एका अंगाला, बायका ठाण्याकडच्या अंगाला. ऊसतोडीला निघायचे दिवस जवळ आले होते, बऱ्याच घरांसमोर बोचकी बांधून ठेवलेली होती, तरी माणसं थांबली होती. दोन-तीन तरणी पोरं हातात मोबाइल घेऊन तयारीतच बसली होती. याडी बायकांमध्ये मागे होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने नजर दिली नाही.

माझ्या मनात सगळी तयारी होती. ही कल्पना आहे, ही कादंबरी आहे, देवी म्हणजे इथं पाण्याचं रूप आहे. बसमध्ये मी ही वाक्यं पाठ केली होती.

"बोलू नको," नायक म्हणाले. "वाच."

मी वाचायला लागले. नद्यांवरची झाकणं आली तेव्हा पुरुषांमधून कोणी तरी म्हणालं, "हे तं आत्ताच होऊन राह्यलं." हद्दीचा आणि हजेरीचा भाग आला आणि नायकांनी डोळे मिटले. घंटीतल्या कापसाला बायका खळखळून हसल्या. पाण्यांचं गाणं जिथं जिथं यायचं, तिथं मी ओळ वाचायच्या आत म्हाताऱ्या बायका ती म्हणायच्या. तिसऱ्या बहिणीपाशी तर माझं वाचणं थांबलंच. सगळ्या बायका गात होत्या आणि मी वही हातात धरून उभी. एरवी पुरुषांसमोर पदराआड तोंड लपवणाऱ्या माझ्या काकू मोठमोठ्याने गात होत्या. दोन तास झाले असतील. मोबाइलवाल्या पोरांनी मोबाइल खाली ठेवले होते.

मग मी शेवटचं प्रकरण वाचलं. काचेची खोली, नळ्या, प्राण. वाचून वही मिटली.

मग बायकांमधून आवाज आला. "खोटं हाय."

याडी उठून उभी होती.

घरी आम्ही गोरमाटीतच बोलतो, पण तिचं बोलणं मी इथं वऱ्हाडीत लिहिते आहे. चारचौघांत ती तशीच बोलते, त्या दिवशीही तशीच बोलली.

"इतकं चांगलं वाचून राह्यली होती माझी पोरगी," ती लोकांना म्हणाली, "अन् शेवटी खोटं बोलली." मग माझ्याकडे वळून, "तुले कोणं सांगतलं सातवी मेली म्हणून?"

सारा तांडा मला बोलला असता तरी मी तोंड दिलं असतं. आईपुढे माझी सगळी पाठ केलेली वाक्यं गळून गेली. मी म्हटलं, "याडी, तू कधी पूर्ण सांगितलीच नाही. दरवेळी गाडी हालायची."

तिला ते आठवलं असावं. मग ती हळूहळू चालत ठाण्यापाशी गेली.

"मोज," ती म्हणाली. "दगड मोज."

आमच्या ठाण्यावर शेंदूर लावलेले दगड आहेत. मी त्यांना जन्मापासून नमस्कार करते. मोजले. सहा होते. सात देवी म्हणतो आम्ही, आणि दगड सहा. एवढ्या वर्षांत मी ते कधी मोजले नव्हते.

"सातवीचा निवद आपण कुठं ठेवतो?" तिने विचारलं.

"रस्त्यावर," मी म्हणाले. तो तर मी शंभरदा नेऊन ठेवला होता. लहानपणी ते माझंच काम असायचं. का, ते कधी विचारलं नव्हतं.

"रस्त्यावर काहून ठेवतो? काहून का ते बसलीच नाही. सहा जणी सहा पाण्यावर बसल्या. सातवीले म्हणे, तूबी बस आता, थकली तू. तं ते म्हणे, मी बसली तं यायच्या संगं कोण चालन? ज्याले पाणी भेटलं त्याच्यापाशी सहा जणी हाय. ज्याले अजून नाही भेटलं, त्याच्यापाशी मले राहू द्या. ते नाही बसली. तिले ठाणं नाही, दगड नाही. आमी फडावर जातो तेव्हा ते आमच्या संगं येते. मी वीस-पंचवीस वर्षं ऊस तोडला, माहीत हाय मले."

बायका माना हलवत होत्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना ही गोष्ट माहीत होती. पुरुषांना नव्हती. नायकही म्हणाले, "मले सहा बहिणीपोतर माहीत होतं. पुढचं मले नव्हतं माहीत." ही गोष्ट बायकांनी बायकांना, चालता चालता सांगायची होती, असं पुढे याडी मला म्हणाली. गाड्यांच्या रांगेत ती तेच करत होती. वसतिगृहात गेल्यावर मीच त्या चालण्यातून बाहेर पडले होते.

नायकांनी पागोटं सारखं केलं आणि निवाडा दिला. "पोरीनं देवीले मारलं नाही. तिले माहीत नव्हतं. आता माहीत झालं, आता ते लिहीन. आजून एक. गाण्याचे शब्द बदलायचे नाही, जसे हाय तसे छापायचे."

"हो," मी म्हणाले.

"अन् ते हजेरीचं चांगलं लिहिलं तू," ते म्हणाले, आणि पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले. त्यांच्या वडिलांना त्या हजेरीत मार बसला होता, हे त्यांच्या मुलाने नंतर मला सांगितलं.

त्या रविवारी दुपारीच मी याडीसमोर वही उघडली. त्यानंतरचा सगळा हिवाळा असाच गेला. मी वाचायचे, ती तुरीच्या शेंगा सोलता सोलता ऐकायची आणि मध्येच हात वर करायची. तिला अक्षर येत नाही, पण कुठल्या पानावर काय आहे ते माझ्यापेक्षा जास्त लक्षात राहायचं. पहिले दोन दिवस तिला 'दोनशे वर्षं पुढं' ही गोष्टच पटेना.

"म्हणजे तवा मी नसीन?"

"नाही."

"तू बी नसशील?"

"मीही नाही."

"अन् पोरी असतीन?"

"पोरी असतील."

"मंग चांगलं हाय. लिही."

तिने पुस्तकातली भांडणं वाढवली. कंपनी पाणी बंद करते आणि गावातल्या बायका डोळ्याला पदर लावतात, असं मी लिहिलं होतं. ती चिडली. "बायका पदर लावतीन काय? घागरी घेऊन जातीन अन् त्याच्या हापिसात आपटतीन." माझ्या कादंबरीतलं घागरींचं प्रकरण तिथून आलं. शेवट पूर्ण बदलला. आता पोरगी सातव्या पाण्यापर्यंत जाते आणि तिथं कोणीच नसतं, नुसती एक पायवाट. ती घाबरते, बसून राहते, आणि मग तिला कळतं की पहिल्या दिवसापासून आपल्या मागे जी पावलं वाजत होती, ती कोणाची.

एका मोठ्या प्रकाशकाने हस्तलिखित ठेवून घेतलं आणि महिनाभराने फोन केला. गोष्ट आवडली म्हणाले. फक्त बोलीतली गाणी काढा, शहरातल्या मुलांना समजणार नाहीत. आणि देवीऐवजी एखादी ऊर्जा, प्रकाश, असं काही करता येईल का? मी विचारलं, "ऊर्जेला निवद कुठे ठेवायचा?" त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावूनही सांगितलं नाही. वही परत मागवली. घासूनपुसून बोलणारी मी, इतक्या सहज नाही म्हणाले याचं माझं मलाच नवल वाटलं. पुढे अकोल्याच्या एका लहान प्रकाशकाने पुस्तक काढलं, गाणी जशीच्या तशी ठेवून.

प्रकाशन वाशीमला झालं, एका सभागृहात. मुलींना एस.टी.ने आणलं होतं. ती उंच मुलगी तेव्हा अकरावीला होती, ती अनसिंगच्या मावशीकडून आली. तांड्यातून दोन जीपा भरून माणसं आली आणि नायक पहिल्या रांगेत बसले. पाहुण्यांची भाषणं झाली. त्यांनी भविष्यवाद, मिथक, पर्यावरण असे शब्द वापरले, ते बरोबरच होते. मग सूत्रसंचालकाने, मला न विचारता, याडीला व्यासपीठावर बोलावलं.

ती उठली. तिने त्या दिवशी जुना पोशाख घातला होता, आरशांची चोळी, म्हणजे कांचळी, आणि घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, जो ती अनेक वर्षांत घालत नव्हती. फडावर नेसायला लुगडंच सोयीचं, असं म्हणायची. पायऱ्या चढताना आरसे दिव्यांत चमकत होते.

माइकपासून ती हातभर लांब उभी राहिली, तरी तिचा आवाज सगळीकडे पोहोचला. "मले वाचता येत नाही," ती म्हणाली. "पण या पुस्तकात जे लिहिलं ते मले सारं येते. माझी पोरगी शाळेत गेली तवा मले वाटलं, गेली आता. आपल्यातून गेली. तिची भाषा बदलली, मी कायी बोलली नाही. पण ते परत आली. अन् एकटी नाही आली, या साऱ्या पोरीयले घेऊन आली." तिने मुलींकडे हात केला. "कोणी म्हणीन तांडा संपला, तं त्याले हे पुस्तक दाखवा. दोनशे वर्षं पुढचं लिहून ठेवलं आमी."

'आमी' म्हणाली ती. 'इनं' नाही, 'आमी'. मला आयुष्यात जेवढी प्रशस्तिपत्रं मिळाली, ती सगळी एका बाजूला ठेवली तरी त्या एका शब्दाच्या तोडीची नाहीत. मी रडले. मुली शिट्ट्या वाजवत होत्या. मुख्याध्यापकांनी मागे वळून पाहिलं, पण गप्प बसवलं नाही.

त्या गर्दीत ती उंच मुलगी माझ्याजवळ आली. पुस्तक छातीशी धरलेलं. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान हाय," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मी बी एक लिहून राह्यली. त्यात ऊसतोडवाल्या पोरी कारखाना चालवतात." आणि मी काही विचारायच्या आत मैत्रिणींत मिसळून गेली. आता ती कॉलेजात आहे. अधूनमधून पानं पाठवते. तिची मराठी माझ्यासारखी घासलेली नाही. जशी बोलते तशी लिहिते, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. हे मी वर्गात सगळ्यांना सांगते.

शाळेच्या कपाटात आता आमच्या पुस्तकाच्या चार प्रती आहेत. एक कायम बाहेर असते. फडावर जाणाऱ्या मुलींना सुट्टीत पुस्तकं नेऊ द्यायची नाहीत असा नियम होता, हरवतात म्हणून. तो मी मुख्याध्यापकांशी भांडून मोडला.

गेल्या हंगामात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई बोलत होती, मागे ट्रॅक्टरचे आवाज. ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या तांड्याची, आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आईबरोबर एकाच टोळीत ऊस तोडत होती. तिथल्या कोप्यांसमोर, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या झोपड्यांसमोर, त्या मुलीने आठ दिवस पुस्तक वाचून दाखवलं होतं.

"तुमी लिहिलं का ते?" तिने विचारलं.

"हो."

"चांगलं हाय. पण सातवीचं आमच्याकडं वेगळं सांगतात. लिहून घेता का?"

मी तपासायला आणलेल्या पेपरांतला एक कोरा कागद ओढला आणि म्हटलं, "सांगा." तिने अर्धा तास सांगितलं. तिच्या गोष्टीत सातवी बहीण बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोणीत लपून चालते, म्हणून ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी करायची नाही.

रविवारी मी ते याडीला वाचून दाखवलं. तिने शेंगा सोलणं थांबवलं, पूर्ण ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"चुकीचं सांगते ते बाई," ती म्हणाली. मग पुन्हा शेंग हातात घेऊन, "पण मिठाचं चांगलं हाय. ठेव ते."